उजेड पाडणारे नाना

मालवणात दांडीला एका घराच्या पडवीत चार फुटी काचेची टाकी आहे. तिच्यात पाणी नाही, मासा नाही, वाळूचा कणही नाही. गेली तीन वर्षं तिच्यासाठी फक्त दिवा निवडला जातोय. निवडणारे आमचे नाना.

नानांना प्रवाळांची टाकी करायची आहे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न शिजवतं आणि यजमानाला वाढतं. म्हणजे दिवा चुकला तर प्रवाळ उपाशी. एवढं एक वाक्य नानांनी कुठेसं ऐकलं आणि त्या दिवसापासून त्यांना दिव्याखेरीज काही सुचेना. पंप, मीठ, गाळणी यांचं नाव काढलं की नाना माशी वारावी तसा हात हलवतात.

त्यांचं मन बसलंय मेटल हॅलाइडच्या दिव्यावर. जगभरचे शौकीन केव्हाच एलईडीकडे वळले. तो तापतो कमी, वीज कमी खातो, वर्षाला बदलावा लागत नाही. नाना हे सगळं मान्य करतात आणि पुढच्याच श्वासात म्हणतात, "एलईडी म्हणजे पावडरीचा दूध, झिला." मेटल हॅलाइडचा उजेड एका ठिकाणाहून येतो, त्यामुळे पाणी जरा हललं की तळाशी उजेडाच्या जाळ्या नाचतात, भर दुपारी उथळ दर्यात नाचतात तशा. हे सांगताना नाना कोरड्या टाकीच्या तळाकडे बोट दाखवतात. तिथे एक मेलेलं झुरळ असतं. तेवढ्यापुरतं आपल्यालाही ते हलल्यासारखं वाटतं.

पण दिवा कितीचा? दीडशे वॅट, अडीचशे की चारशे? वॅटचा निकाल पहिल्या वर्षी लागला, अडीचशेचे दोन. मग केल्विन निघाले, म्हणजे उजेडाचा रंग. साडेसहा हजार केल्विनच्या दिव्याखाली वाढ चांगली पण उजेड पिवळसर. वीस हजार दिसायला राजेशाही निळा पण जोर कमी. दहा आणि चौदा हजार मधले. या दहा आणि चौदाच्या मधे नाना दीड वर्ष अडकलेत. मुलीच्या लग्नाला त्यांनी इतका वेळ घेतला नव्हता. आता ते कुठेही गेले तरी दिवेच बघतात. अंडरआर्म क्रिकेटच्या सामन्यात सगळे चेंडू बघतात, नाना फ्लडलाइट. जत्रेत दशावतार बघताना संकासुर आला की पोरं किंचाळतात आणि नाना शेजाऱ्याच्या कानात सांगतात, "गॅसबत्तीच बरी होती. ह्यो उजेड लय पांढरो."

नानींचा हिशोब साधा आहे. अडीचशेचे दोन दिवे रोज आठ तास म्हणजे चार युनिट, महिन्याला एकशेवीस. "शिरा पडली त्या दिव्यार," त्या म्हणतात आणि आत जातात.

आणखी एक गोम आहे. हा दिवा विझला की तापलेला असताना पुन्हा पेटत नाही. दहा-पंधरा मिनिटं निवावा लागतो. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट कशी जाते-येते ते मालवणकराला सांगायला नको. दिवा निवतोय तोवर लाइट येते, पेटून रंगात येतोय तोवर जाते. नानांनी यावर तोड म्हणून इन्व्हर्टरची निवड सुरू केली आहे.

एकदा मी धीर करून विचारलं, "नाना, पण टाकीत ठेवणार काय?" कारण कठीण प्रवाळ 2001पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रातून फांदी तोडून आणली तर गुन्हा. शिवाय समोर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी 1987पासून सागरी अभयारण्यात, एकूण 29.12 चौरस किलोमीटर. नानांना हे आकडे माझ्यापेक्षा चोख पाठ. ते शांतपणे म्हणाले, "तां मगे बघूया. आधी लायट ठरवूक व्हयी."

बसल्या जागेवरून किल्ला दिसत होता. त्याच्या पायथ्याशी मुंबई-पुण्याचे लोक पैसे देऊन, तोंडात नळी धरून प्रवाळ बघत होते. तिथल्या उजेडाचे केल्विन कुणी विचारत नव्हतं.

अखेर गेल्या वर्षी नानांनी नमुन्याला एक दिवा आणलाच. मुंबईहून, जुना, दहा हजार केल्विनचा. बॅलास्टचा डबा भिंतीला ठोकला, पुढे काच लावली, कारण ती नसेल तर अतिनील किरण प्रवाळांना भाजतात (कुठल्या, ते विचारू नका), आणि साखळीने दिवा वाशाला टांगला. मग जूनमध्ये पाऊस आला, नेहमीसारखा कोकमाची सोलां अर्धी वाळलेली असताना. रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. त्यातली दोन उन्हं बाकी होती. नानींनी कुणाला न विचारता सुपं टाकीत ठेवली आणि खटका ओढला.

नाना बाजारातून आले, दारातच थबकले. आता भांडण होणार म्हणून मी पिशवी उचलली. नानांनी टेप आणला, सुपापासून दिव्यापर्यंत माप घेतलं आणि साखळीचे दोन दुवे वर चढवले.

सोलां सुरेख वाळली. कुणाला हवी असतील तर नानींना सांगून ठेवा. नानांकडे मागू नका. ते विचारतील, दहा हजारवाली की चौदा.