मुरुडात रिमेक काढू पाहणाऱ्यांस अनावृत पत्र

॥ श्री ॥

मु. पो. मुरुड, ता. दापोली, जि. रत्नागिरी

परदेशी मारधाडपटांचे हिंदी रिमेक काढणारे समस्त निर्माते, दिग्दर्शक व लेखक (असल्यास) यांसी,

सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या मे महिन्यात आपल्यापैकी एका कंपनीची चार माणसं लोकेशन बघायला म्हणून आमच्याकडे उतरली होती. त्यांना जायचं होतं जंजिऱ्याला. मोबाइलला नुसतं ‘मुरुड’ सांगितलं, आणि त्याने त्यांना रायगडातल्या मुरुडऐवजी आमच्या दारात आणून सोडलं. यात नवल नाही. दर हंगामात अशा गाड्या येतात, काच खाली होते, ‘किला किधर है?’ अशी विचारणा होते, आम्ही हर्णैच्या समुद्रातला सुवर्णदुर्ग दाखवतो, आणि मंडळी त्याचेच फोटो जंजिरा म्हणून घरी पाठवतात. एकाच्या नावावर दुसरं खपवण्याचा असा थोडाफार अनुभव गावालाही आहे. त्यामुळे आपल्याशी बोलण्याचा अधिकार मला पोहोचतो असं धरून लिहितो.

रात्री जेवणं झाल्यावर ओटीवर पथकप्रमुखांनी गोष्ट सांगितली. एक माणूस असतो. एकटा. कुठून आला, कुणाला ठाऊक नाही. गहाणवटीचं दुकान चालवतो. शेजारच्या लहान मुलीशी काय ती गट्टी. गुंड तिला पळवतात, तेव्हा कळतं की हा माजी कमांडो. मग तो सुरी घेऊन एकेकाला कापत सुटतो. मूळ कोरियन आहे, हे त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. मी म्हटलं, अहो, हा 2010 चा ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’. जॉन अब्राहमला घेऊन 2016 मध्ये ‘रॉकी हँडसम’ म्हणून आपणच काढलात की! तर म्हणाले, ‘वो अलग था अंकल, इसमें समंदर है.’ समुद्र त्यातही होता. गोव्याचा.

असो. काही अडचणी आधीच कानावर घालतो, म्हणजे युनिट आल्यावर खोळंबा नको.

पहिली अडचण नायकाची. कुठून आला हे कुणालाच माहीत नाही असा माणूस मुरुडात राहू शकत नाही. म्हणजे राहील, पण फार तर संध्याकाळपर्यंत. पिशवी घेऊन एसटीतून उतरला की पहिल्या अंगणातून प्रश्न येईल, ‘कोणाकडे?’ दुसऱ्यातून, ‘म्हणजे मूळचे कुठले?’ तिसऱ्या घरच्या आजी त्याच्या आईचं माहेर काढतील, आणि चौथ्या घरापाशी पोहोचेपर्यंत गावाला कळलेलं असेल की याचा चुलतमामा गुहागरला पोस्टात होता आणि हा सैन्य सोडून का आला. मध्यंतरानंतर फोडायचं म्हणून आपण जे राखून ठेवता, ते आमच्याकडे दुपारच्या चहालाच फुटतं.

गहाणवटीच्या दुकानाचं तेच. आमच्याकडे सोनं ठेवायचं ते पतसंस्थेत. तिथे कपाळावर केस सोडून बसलेला देखणा कमांडो नसतो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून कसोटीवर बांगडी घासणारा सराफ असतो, आणि पलीकडून मॅनेजर विचारतो, ‘फोटो दोनच आणलेत? तीन लागतात.’ या मॅनेजरच्या हाती सुरी दिलीत तरी तो आधी पोच मागेल.

पाठलाग म्हणाल, तर गावात रस्ता मुख्य असा एकच, माड-सुपारीच्या वाड्यांमधून गेलेला, दोन्ही अंगांना चिऱ्याचे गडगे. समोरून दापोलीची एसटी आली की खलनायकाला गाडी मागे घ्यावी लागेल. एसटी मागे जात नाही, हा इथला कायदा. किनाऱ्यावरून गाडी पळवायची असेल तर पळवा, पण तिथी बघून. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात वाळूत रुतलेली गाडी बाहेर काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि पाणी दाराशी येऊन ठेपलेलं असल्यामुळे ट्रॅक्टरवाल्याशी घासाघीस करायला कुणाला सवड नसते. शेवटच्या मारामारीला आपल्याला बंद पडलेला कारखाना लागतो. तो बंद पडण्यासाठी आधी सुरू व्हावा लागतो, त्यामुळे तीही सोय नाही. आणि वाड्यांमध्ये स्फोट वगैरे कृपया नकोत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने वाडवडिलांनी लावलेले माड आणि पोफळी काही तासांत आडव्या केल्या. त्याचा रिटेक आम्हाला झेपणार नाही.

हे सगळं मी त्या रात्री पथकप्रमुखांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ये सब डिटेल है अंकल. ऑडियन्स को फरक नहीं पडता.’ हे पत्र त्या वाक्याला उत्तर म्हणून आहे.

आपण उचलता, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. संजय गुप्तांनी ‘कांटे’ (2002) करताना टॅरँटिनोच्या ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’वर हात मारला, तर टॅरँटिनोने त्याच्या दहा वर्षं आधी हाँगकाँगच्या ‘सिटी ऑन फायर’वर मारलेला होता. ज्या ‘स्कारफेस’चे अंश आपल्या कितीतरी गँगस्टरपटांत सापडतात, तो 1983 चा ‘स्कारफेस’ स्वतःच 1932 च्या सिनेमाचा रिमेक. या धंद्यात सोवळं कुणाचंच नाही. शिवाय हल्ली आपण रीतसर हक्क घेता. ‘नाइट अँड डे’चा ‘बँग बँग’ झाला, ‘द आउटलॉज’चा ‘राधे’ झाला, सगळं कागदोपत्री चोख. पण पैसे मोजून कथा आली, गल्ली आली नाही. ‘द आउटलॉज’ सोलच्या चिनी-कोरियन वस्तीत घडतो. तिथला दांडगा पोलीस दोन टोळ्यांच्या म्होरक्यांना समोरासमोर बसवून, भांडणाऱ्या पोरांना दटावावं तसं दटावतो आणि एकमेकांच्या गळ्यात पाडतो. ते बघितलं की त्या वस्तीचा सगळा हिशेब आपल्याला कळतो, आणि मग बाहेरून आलेला गुंड काय मोडायला निघालाय तेही कळतं. ‘राधे’त ती वस्ती गळली. उरले सलमान खान. त्यांच्या मागे कुठलंही शहर ठेवा, चालतं.

मी परदेशाची बाजू घेतोय असं वाटेल, म्हणून घरचा दाखला देतो. निशिकांत कामत. ‘रॉकी हँडसम’ त्यांनीच दिग्दर्शित केला, खलनायकही तेच झाले. आणि 2005 मध्ये ‘डोंबिवली फास्ट’ करणारेही तेच. ‘फॉलिंग डाउन’ (1993) पाहिलेल्या माणसाला ‘डोंबिवली फास्ट’ बघताना तो आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे लॉस एंजलिसच्या ट्रॅफिकमध्ये नोकरी गेलेल्या एका माणसाचं डोकं फिरतं, दुकानात थंड पेयाच्या किमतीवरून तोडफोड होते. इथे संदीप कुलकर्णींचा माधव आपटे, बँकेतला, सरळमार्गी, रोजच्या लोकलने आणि रोजच्या तडजोडींनी पिचलेला. आणि दुकानदार बाटली थंड केल्याचे वरचे पैसे मागतो. छापील किमतीवर ‘कूलिंग चार्ज’! तो दुकानदार आपल्या सगळ्यांच्या स्टेशनबाहेर आहे, त्याच्याशी आपण मनातल्या मनात भांडलेलो आहोत आणि पैसे देऊन निघून आलेलो आहोत. तिकडे बेसबॉलची बॅट होती, इकडे आपट्यांच्या हातात क्रिकेटची. एवढ्याने माणूस आपल्या सोसायटीतला झाला. मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालं, आणि खुद्द कामतांनी माधवनला घेऊन तो तमिळमध्ये पुन्हा केला.

‘रॉकी हँडसम’मध्ये तोच दिग्दर्शक, पैसा कितीतरी पट, मारामाऱ्या मूळ कोरियनच्या पावलावर पाऊल टाकून, सुरीसुद्धा तशीच फिरते. पण ते दुकान गोव्यात नेमकं कुठल्या वाड्यावर आहे, तिथे गहाण ठेवायला कोण येतं, शेजारीण त्याला कुठल्या भाषेत हाक मारते, याची सिनेमाला फिकीर नाही. आपट्यांची बॅट अजून आठवते. रॉकीची सुरी मला दुसऱ्या दिवशी सकाळी आठवली नव्हती. कामत ऑगस्ट 2020 मध्ये पन्नाशीतच गेले. त्यांच्याशी हा वाद घालता येत नाही, म्हणून आपल्याशी घालतो आहे.

कोकणाचं तर आपल्याला नाव पुरतं. ‘अग्निपथ’चं मांडवा गेटवेवरून लाँचने तासाभराच्या अंतरावर. 2012 मध्ये नवा ‘अग्निपथ’ काढलात तेव्हा मांडवा उभं केलंत ते दीवला, सौराष्ट्राच्या टोकाशी. म्हणजे गावाचाही रिमेक.

तरीही मुरुडातच चित्रीकरण करायचा हट्ट असेल तर आमच्याकडे अस्सल थरारकथा आहे, आणि तिचे हक्क मागायला कुणी येणार नाही. सतरा वर्षांचा किरकोळ अंगाचा एक मुलगा परीक्षेसाठी इथून निघतो. पावसाळी समुद्र, होडी मिळत नाही. मग तो सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्याला पोहोचतो, आणि तिथे साहेब त्याच्याकडे बघून म्हणतात की तू सतराचा दिसत नाहीस, परत जा. वयाचा दाखला जवळ असून! पुढे तो गणिताचा प्राध्यापक होतो, गावाच्या भल्यासाठी ‘मुरुड फंड’ उभा करतो. 1893 मध्ये एका विधवेशी लग्न करतो आणि बायकोला घेऊन गावी येतो. आणि हेच गाव सभा भरवून त्याच्यावर बहिष्कार घालतं. त्याला थारा दिला तर आईच्या घराचीही खैर नाही. आज गावात त्याच धोंडो केशव कर्व्यांचं स्मारक आहे आणि पर्यटकांना आम्ही ते अभिमानाने दाखवतो.

अट एकच. यातला खलनायक बदलायचा नाही. त्याला डोळ्यावर व्रण, दुबईत बंगला, मागे चार बंदूकधारी असलं काही द्यायचं नाही. तो देवाला जाणारा, सुपारी कातरत बसणारा, कर्व्यांना लहानपणापासून ओळखणारा माणूस आहे, आणि तो एक नाही, सभाभर आहे. त्या सभेसाठी मुंबईहून ज्युनिअर आर्टिस्टांची बस भरून आणू नका. माणसं इथेच मिळतील. वेळ आली की कसं बसायचं आणि कोणी आधी बोलायचं, ते त्यांना शिकवावं लागणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मुरुडकर