सेफ्टीकाका

डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीत एक सेफ्टीकाका असतोच. आमचे काका ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीतून सेफ्टी ऑफिसर म्हणून रिटायर झाले. निरोपाला कंपनीने घड्याळ दिलं. शिट्टी मात्र काकांनी परत केली नाही.

काका घरी आले की आधी मीटरकडे बघतात, मग शेगडीकडे आणि जमलंच तर यजमानांकडे. चहा येईपर्यंत घराची वर्गवारी आटोपलेली असते. सोफा, पडदे, रद्दी म्हणजे ए वर्ग. बाल्कनीतला थिनरचा डबा बी. गॅस सी. डी वर्गात मॅग्नेशियमसारखे पेटणारे धातू येतात. ते तुमच्या घरी नाहीत, याची हळहळ त्यांना लपवता येत नाही.

"आणि विजेची आग?" असं कुणी विचारलंच, तर चहा निवला म्हणून समजा. "वीज हा वर्ग नाही हो, ते कारण आहे! आधी मेन स्विच बंद. मग जळतंय काय ते बघायचं."

"आणि चालू विजेवर पाणी मारलं तर?"

"तर पुढचे प्रश्न तुमच्या वारसांनी विचारायचे."

महाराष्ट्राचा अग्निसुरक्षेचा कायदा २००६ चा. त्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. त्या दोन महिन्यांत सेक्रेटरी लिफ्ट टाळून जिन्याने जातात. जिन्यात काका उभे असतात.

खरी जुगलबंदी रंगते खजिनदारांशी. "एबीसी पावडर सगळ्याला चालते ना? मग सगळीकडे तीच घेऊ. होलसेलमध्ये पडेल."

"चालते की! लिफ्टच्या पॅनेलवर मारा, आगही विझेल आणि पॅनेलही. पावडर आत बसते, दमट हवेत गंज धरते. तिथे सीओटूच पाहिजे. मागे काही उरत नाही."

अखेर सीओटूचा एक सिलिंडर आला. खजिनदारांनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि फोन उचलला. "माल डिफेक्टिव्ह आहे, याला प्रेशरचा काटाच नाही!" सीओटूला काटा नसतो, गॅस किती उरलाय ते वजनावरून कळतं, हे काकांनी त्यांना सांगितलं आणि तिथल्या तिथे रद्दीवाल्याला हाक मारली. त्याने सिलिंडर आकड्याला अडकवला, वजन सांगितलं आणि प्रामाणिकपणे विचारलं, "लोखंडाचा भाव लावू?"

१४ एप्रिलला काकांचं प्रात्यक्षिक असतं. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. हे सांगताना काकांचा आवाज बदलतो. तेवढा वेळ मुलंही गप्प असतात. मग पत्र्यात लाकडं पेटतात. "पिन ओढा. वाऱ्याकडे पाठ. नोझल ज्वाळेवर नको, बुडाशी! मूठ दाबा आणि झाडू मारल्यासारखं इकडून तिकडे." सभासद व्हिडिओ काढतात. नीट बघतात त्या फक्त तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी.

काकांचं दुखणं असं, की सोसायटीत आग लागत नाही. चोर पकडला तर वॉचमनला बक्षीस मिळतं. न लागलेली आग कुणाच्या नावावर जमा होत नाही. "इतक्या वर्षांत लागली कुठे?" या खजिनदारांच्या प्रश्नाला काकांकडे उत्तर नाही, कारण उत्तर ते स्वतःच आहेत.

गेल्या श्रावणात तिसऱ्या मजल्यावर वड्यांच्या कढईतलं तेल पेटलं. साहेब पाण्याची बादली घेऊन धावले. मावशींनी त्यांना दारातच अडवलं, गॅस बंद केला आणि परातीसारखं थोरलं झाकण कढईवर सरकवलं. काका शिट्टी वाजवत पोचले तेव्हा आग विझली होती.

"पाणी मारलं असतं तर तेल भडकून छतापर्यंत गेलं असतं," साहेबांना एवढं सुनावून ते मावशींकडे वळले. "झाकण उचलून पाहिलंत?"

"कशाला? गार होईस्तोवर हात लावायचा नाही, तुम्हीच तर सांगितलंवतं."

काकांनी रजिस्टर काढून नोंद केली. अक्षर नेहमीपेक्षा सुबक आलं.

पुढच्या सभेत खजिनदार उठले. "बघा, आग लागली आणि सिलिंडर न वापरता विझली! तेव्हा यंदा रिफिलिंग रद्द करून प्रत्येक फ्लॅटला एकेक झाकण द्यावं." टाळ्या पडल्या. अनुमोदनाला हातही वर गेले.

काका शांतपणे उभे राहिले. "ठराव उत्तम आहे. फक्त मीटर रूमच्या झाकणाचं माप लिहून घ्या."