दक्षिणमुखी सोलर

मे महिन्यात पारा 45च्या वर गेला की सक्करदऱ्यातल्या आमच्या घरी काळ्या सिंटेक्सचं पाणी थेट चहापत्तीवर ओतावं, इतकं तापतं. अशा गावात मी पाणी तापवायचं यंत्र विकत घेतलं.

दोष डिसेंबरचा. पारा आठ-दहावर उतरतो आणि विजेचं बिल चढतं. कोराडीला कोळसा जाळा, वाफ करा, वीज करा, ती तारेवरून सक्करदऱ्यात आणा आणि शेवटी काय, तर बादलीभर पाणी गरम! आईचं म्हणणं साधं होतं. "आमचा बंब पऱ्हाट्यांवर चालायचा. दरवर्षी कापूस, दरवर्षी पऱ्हाट्या." अक्षय ऊर्जेवर याहून थोडक्यात कोणी बोललेलं नाही. धुराचा विषय मात्र तिने काढला नाही.

सोलर बसवणारा मिस्त्री स्लॅबवर आला आणि म्हणाला, "तोंड दक्षिणेले लागते." आई कडाडली, "यमाकडे?" हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, हे मी हातवारे करून सांगितलं. ती ढिम्म. मिस्त्री हुशार. "मावशी, मारुती नाही का दक्षिणमुखी राहत?" नारळ फुटला. ती जागा कुरड्या वाळवायची होती, हे बायकोला कळेपर्यंत नटबोल्ट आवळून झाले होते.

यंत्र साधं आहे. दुहेरी काचेच्या नळ्या, मधली हवा काढलेली, थर्मासासारखी. पाणी तापलं की हलकं होऊन टाकीत चढतं, गार खाली उतरतं. ना पंप, ना वीज. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने उन्हावरच्या बंबाचं पेटंट 1891 मध्येच घेतलं होतं. पण स्लॅबपासून न्हाणीपर्यंतच्या पाइपात रात्रभर गारठलेलं पाणी आधी बाहेर पडतं, याची वाच्यता विकणारा करत नाही. म्हणून पहिली बादली थंड. तेव्हापासून आमच्या घरात कमालीचं सौजन्य आलंय. पहाटे सहाला जो तो दुसऱ्याला म्हणतो, "आधी तुम्ही!" दात घासायला वीस-वीस मिनिटं लागतात. ती बादली शेवटी मीच काढतो आणि तुळशीला घालतो. तुळस कुडकुडते.

मग संक्रांत आली. "ओऽऽ काट!" करत शेजारचा पोरगा कटलेल्या पतंगीमागे आमच्या स्लॅबवर उतरला, तो नेमका नळीवर. एक नळी फुटली की सगळी टाकी रिकामी होते, हे ज्ञान मला जिन्यावरून वाहत आलं. "काका, लागलं नाही मले," तो म्हणाला. मी नळीचं विचारत होतो.

नवी नळी बसली. मार्चपर्यंत यंत्राने इमानाने काम केलं, गीझरचं बटण कोणी दाबलं नाही. आता मे लागलाय. टाकीतलं पाणी उकळू नये म्हणून कालच बुधवार बाजारातून हिरवी जाळी आणली आणि सोलरवर सावली केली. जाळीखाली बायकोने कैरीचं लोणचं मुरत ठेवलंय.