आबाचं अॅडमिशन

जून संपत आला की कोल्हापुरात दोन गोष्टी ठरलेल्या. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर आणि आमच्या पेठेतला आबा कॉलेजच्या खिडकीवर.

आबाचं खरं नाव कागदपत्रांखेरीज कुठं सापडत नाही. वय तिशीच्या अलीकडं की पलीकडं, ते समोर आलेल्या स्थळावर ठरतं. बगलेत प्लॅस्टिकची फाईल, तिच्यात दहावीपासूनचा प्रत्येक कागद लॅमिनेशन केलेला. बोनाफाईडसुद्धा. खिडकीतले क्लार्क चष्म्यावरून बघतात.

"काय आबा, यंदा काय काढलंस?"

"समाजशास्त्र बगावं म्हणतोय."

"आणि इतिहास?"

"झाला की."

"पास झालास?"

"न्हाय ओ. हून गेला."

फॉर्मात 'प्रवेश घेण्याचं कारण' असा रकाना नसतो, हे एक बरं आहे. असता तर आबाला पुरवणी जोडावी लागली असती. त्याचं पहिलं कारण फुटबॉल. पेठेत जन्मलेल्या पोराला वर्णमालेआधी पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या संघांची नावं येतात, त्यात नवल नाही. बारावीला जेमतेम तरलेल्या आबाला एका क्रीडाशिक्षकांनी शाहू स्टेडियमवर बघितलं आणि "आमच्याकडं ये, बाकीचं बघू," म्हणाले. आबा गेला. बाकीचं मात्र कुणीच बघितलं नाही. पुढं गुडघा गेला, त्याबरोबर कारणही गेलं आणि कॉलेज तेवढं राहिलं.

दुसरं कारण राजकारण. २०१६च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या निवडणुका पुन्हा घ्यायचं ठरवलं, तेव्हा आबानं लगोलग बॅनरसाठी फोटो काढून घेतला. पांढरा शर्ट, हात जोडलेले, नजर भविष्यात. निवडणुका पुढं पुढं ढकलल्या गेल्या. फोटो वाया जायला नको म्हणून आईनं तो बायोडाटाला चिकटवला आणि तिसरं कारण जन्माला आलं.

हे तिसरं कारण मात्र आजवर टिकून आहे. घरची गुळाची अडत, गावाकडं थोडा ऊस, म्हणजे खाऊनपिऊन सुखी. पण हल्ली मुलीकडच्यांना ऊस चालत नाही, नोकरदार पाहिजे असतो. नोकरी नाही म्हणावं तर स्थळ उठून जातं. यावर "अजून शिकतोय" एवढंच उत्तर शिल्लक राहतं. पंचविशीपर्यंत ते सहज खपलं. पुढं "एम.ए. चालू आहे" झालं. आता "प्राध्यापकीचं बघतोय" इथवर आलंय. यात खोटं काही नाही. आबा रोज कट्ट्यावर बसून प्राध्यापकांना येता-जाता बघत असतो.

वडलांचं कारण याहून साधं. "घरात बसून डोकं खातंय, त्यापरास कॉलेजात बसूं दे." पोरांना कॉलेजात घालणाऱ्या बापांपैकी निम्म्यांचं हेच कारण असावं असा माझा संशय आहे; फक्त आबाचे वडील ते मोठ्यानं बोलतात.

दूरशिक्षणातनं बाहेरून परीक्षा दे, असं एकदा कुणीतरी सुचवलं. आबा दुखावला. "बाहेरनं दिल्यावर आत कवा जायाचं?" मला हा प्रश्न बिनतोड वाटतो. आबाची हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली कधीच येत नाही. फक्त ती वर्गात भरत नाही, आवारात भरते.

तसं बघितलं तर कॉलेजला का जावं, याचा या गावाइतका विचार महाराष्ट्रात फार थोड्या गावांनी केला असेल. राजाराम कॉलेज १८८० सालचं. तिथं सुरुवातीच्या पोरांत गोपाळ कृष्ण गोखले होते. थोरल्या भावानं स्वतःचं शिक्षण सोडलं, कागलात नोकरी धरली आणि धाकट्याला शिकवलं. गोखल्यांनी शिकायचं या एकाच कारणासाठी तीन कॉलेजं पाहिली. आबानं तीन कारणं पाहिली, कॉलेज एकच. पुढं शाहू महाराजांना दिसलं की खेड्यातल्या पोराकडं कारण आहे, पण पाठ टेकायला जागा नाही. मग १९०१मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग निघालं, १९०६मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि बघता बघता जातीजातीची वसतिगृहं उभी राहिली. आबा दसरा चौकातनं जाताना महाराजांच्या पुतळ्याला न चुकता हात जोडतो आणि त्या वेळी त्याची चाल थोडी जलद होते, असं माझं निरीक्षण आहे.

आता त्याच रांगेत, आबाच्या पुढं दोन नंबर सोडून उभी असलेली मुलगी बघा. गगनबावड्याकडनं पहाटेच्या एसटीनं रंकाळा स्टँडला उतरलेली. हातात फाईल नाही, कागदपत्रं साडीच्या दुकानातल्या पिशवीत. तिला विचारलं, बी.ए. कशाला, तर "आवड आहे," म्हणेल. खरं कारण घरी मामा स्थळ घेऊन आलाय, हे. अॅडमिशन मिळालं तर "पोरीचं कॉलेज चालू आहे" म्हणून तीन वर्षं निघतील. त्या तीन वर्षांत स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती, नर्सिंग, कुठंतरी पाय रोवता येईल. लग्न व्हावं म्हणून आबा कॉलेजात, होऊ नये म्हणून ही कॉलेजात. खिडकी एक, विषयही बहुधा एकच, समाजशास्त्र. तिचं कारण मात्र अस्सल आहे, आणि ती पहिल्या वर्गात पास होणार हे लिहून ठेवायला माझी हरकत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानं आबाला म्हातारपणाची सोय करून दिली आहे. ऑनर्ससाठी पदवी चार वर्षांची. मध्येच बाहेर पडा, पुन्हा आत या. एक वर्ष केलं तर सर्टिफिकेट, दोन केली तर डिप्लोमा. देशभरातले प्राध्यापक हे धोरण समजून घेण्यासाठी कार्यशाळांवर कार्यशाळा करत होते, तेव्हा आबा ते कितीतरी आधीपासून राबवत होता. क्रेडिट साठवायला सरकारनं बँकही काढली आहे. आबाचं खातं तूर्त झिरो बॅलन्सचं आहे.

पण आबाला निकामी म्हणणाऱ्यांनी एकदा प्रवेशाच्या आठवड्यात त्याच्या कट्ट्यावर जाऊन बसावं. टीसी कुठं मिळतो, मायग्रेशन कुणाला लागतं, नॉन-क्रिमीलेयरची मुदत कधी संपते, उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठी गाठावा की सेतू केंद्र, महाडीबीटीची साईट रात्री किती वाजता चालते, गॅपचं प्रतिज्ञापत्र कसं लिहायचं, हे सगळं त्याच्या तोंडात बसलंय. शेवटच्या विषयात तर तो निष्णात आहे. गगनबावड्याच्या त्या मुलीचा फॉर्म त्यानंच भरून दिला. आईचं नाव आधार कार्डावर एक आणि दाखल्यावर दुसरं होतं. क्लार्कनी परत पाठवलं असतं, तर तिची एसटी आणि बहुतेक वर्षही बुडालं असतं. आबा तिला घेऊन कुठंतरी गेला, तासाभरात शिक्का घेऊन आला आणि पुन्हा रांगेत आपल्या जागी उभा राहिला. पैसे विचारल्यावर म्हणाला, "चा पाज."

तेव्हा यंदा तुमच्या घरातलं कुणी कोल्हापुरात प्रवेश घेणार असेल, तर सायबर कॅफेवाल्याकडं पैसे घालवू नका. सकाळी दहानंतर आबा कट्ट्यावर असतो. मूळ कागद, तीन-तीन झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो एवढं बरोबर न्या. विषय कुठला घ्यावा, हे मात्र त्याला विचारू नका.