'तो काही करत नाही' : जोयड्यात कुत्रा घेऊन येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

शनिवार-रविवारी पुणे, बेळगाव, हुबळीकडून जोयड्यात शिरणाऱ्या गाड्यांच्या मागच्या काचेतून हल्ली एक तरी ओलं नाक बाहेर आलेलं दिसतं. गणेशगुडीला राफ्टिंग, होमस्टेत कोंबडीचा रस्सा आणि सोबत ब्रूनो, असा बेत असतो. बेतात एकच गोष्ट धरलेली नसते, ती म्हणजे इथे माणसंही राहतात आणि त्यांतली काही कुत्र्याला भितात. जंगल उदंड आणि वस्ती विरळ असा हा उत्तर कन्नडातला तालुका. तरी ही भित्री माणसं नेमकी आपल्याच वाटेत येतात, हा कुत्रेमालकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. अशा प्रसंगी कसं वागावं याचं जे ज्ञान मालकांमध्ये परंपरेने चालत आलं आहे, ते नवशिक्यांच्या सोयीसाठी इथे लिहून ठेवतो.

सर्वांत आधी पट्टा. तो गाडीतच ठेवावा. एवढं डिझेल जाळून मुक्या जिवाला निसर्ग दाखवायला आणलं, ते काय बांधून ठेवायला? अगदीच कुणी टोकणारं भेटेल असं वाटलं, तर पट्टा स्वतःच्या गळ्यात अडकवावा. जबाबदार माणूस असल्याचा भास होतो आणि फोटोही बरा येतो.

आता समोरून बाई येते. डोक्यावर सरपणाचा भारा, एक हात भाऱ्याला, दुसऱ्या हातात कोयता. ब्रूनोला पाहून ती जागच्या जागी थांबते. मान वळवता येत नाही, म्हणून फक्त डोळे वळवून ती मालकाला शोधते आणि म्हणते, "कुत्रं धरा हो जरा." या क्षणी मालकाने जागचं हलू नये. वीसेक पावलांवरूनच, खिशातले हात न काढता, प्रसन्न मुद्रेने म्हणावं, "तो काही करत नाही." कुत्र्याबद्दल हे विधान खरं की खोटं ते पुढे ठरतं. मालकाबद्दल मात्र ते तत्काळ खरं असतं.

तेवढ्याने भागलं नाही तर दुसरं वाक्य काढावं : "तुम्ही घाबरलात की त्याला कळतं." म्हणजे आता घाबरणं ही तिची चूक झाली. तिसरं, "पळू नका फक्त." भारा घेऊन ती पळणार कुठे, हा प्रश्न आपला नव्हे. चौथं वाक्य घरच्या दाखल्याचं : "आमचा सहा महिन्यांचा नातू त्याचे कान ओढतो." ती नातू नाही आणि तिला ते कान ओढायचेही नाहीत, पण दाखला देऊन ठेवावा. शेवटचा उपाय म्हणजे ब्रूनोलाच हाक मारणे. "ब्रूनो, नो! कम हिअर! ब्रूनो, सिट!" कुटुंबाशी मराठीत बोलणाऱ्या माणसाने कुत्र्याशी इंग्रजीतच का बोलावं, हे कोडं मला कधी उलगडलेलं नाही. ब्रूनोलाही नसावं, कारण तो येत नाही आणि बसतही नाही.

बाजाराच्या ठिकाणी तंत्र थोडं बदलतं. जोयड्यात कुणबी शेतकऱ्यांचा कंदमुळांचा मेळा भरतो. परसातून आणि रानातून खणून आणलेले हातभर लांबीचे कंद टोपल्यांत आणि जमिनीवर पसरलेल्या पोत्यांवर मांडलेले असतात. माती न झटकलेले, केसाळ, वेडेवाकडे कंद. कुत्र्याच्या नाकाला याहून मोठी मेजवानी नाही. ब्रूनो एकेक टोपली हुंगत जातो, एका टोपलीपाशी थांबतो, विचार करतो आणि मागचा एक पाय उचलतो. टोपलीवाली आजी ओरडते. अशा वेळी माफी मागून प्रकरण वाढवू नये. "आजी, ऑर्गॅनिकच आहे ना सगळं?" एवढं म्हणून पुढच्या टोपलीकडे सरकावं. कंद विकत मात्र घेऊ नयेत. त्यावर काय झालंय ते आपण पाहिलेलं असतं.

माघात उळवीला चन्नबसवेश्वराची जत्रा असते. धारवाड-बेळगावकडच्या भक्तांच्या बैलगाड्या मजल दरमजल करत घाटरस्त्याने येतात. सजवलेले, थकलेले, शिंगांना रंग लावलेले बैल. इथे ब्रूनोला मोकळा सोडण्याचा प्रयोग कुणी केलाच, तर आधी घाटाची कडा कोणत्या बाजूला आहे ते पाहून ठेवावं. या प्रयोगापुरतं माझं मार्गदर्शन एवढंच.

वाद वाढला तर धर्माचा आधार घ्यावा. मराठी माणसाला कुत्र्याच्या बाजूने बोलायला दैवतं कमी नाहीत. पहिला दाखला श्रीदत्ताचा. पायाशी चार कुत्री, ते चार वेद, वगैरे. मात्र तसबीर नीट पाहिलेला माणूस समोर असेल तर हा दाखला टाळावा. कारण त्यातली चारही कुत्री दत्ताच्या पायाशी आहेत, एकही भक्ताच्या पिशवीत नाक खुपसत नाही. दुसरा दाखला नामदेवांचा. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. त्या कथेत पुढे कुत्रा होता आणि मागे माणूस होता. इथे पुढे माणूस पळतोय, मागे कुत्रा, आणि तूप कुणाच्याच हातात नाही. एवढा फरक सोडला तर दाखला चपखल आहे.

समोरचा तरीही ऐकत नसेल, तर त्याचं अज्ञान दूर करण्याचं कार्य हाती घ्यावं. भीती अज्ञानातून येते, असं कुत्रेमालक छातीठोकपणे सांगतात. जोयड्यात हे कार्य जरा जड जातं. इथल्या बहुतेक घरांत कुत्रं असतंच. पीक तयार झालं की घरचा माणूस रात्र रात्र माळ्यावर बसतो आणि खाली कुत्रं बसतं. रानडुक्कर आलं की आधी त्याला कळतं. गवा आला तरी त्यालाच. ते ओसरीवर किंवा चुलीच्या गार राखेत झोपतं, भात-आमटी खातं आणि त्याचा वाढदिवस कुणी करत नाही. कुत्रं अनोळखी माणसावर धावून जातं ते कशासाठी, हे या लोकांना शिकवायला पुण्याहून यावं लागत नाही. त्यांनी ते त्यासाठीच ठेवलेलं असतं.

आणि चावल्यावर काय होतं, तेही त्यांना ठाऊक असतं. पोटातली चौदा इंजेक्शनं ही इथल्या वडीलधाऱ्यांची ऐकीव गोष्ट नाही, भोगलेली आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस भारतात 2004 च्या अखेरीपर्यंत तयार होत होती. आता सुई दंडावर आली. सरकारी दवाखान्यात कातडीत द्यायची लस असेल तर पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा अशा खेपा होतात. शहरात या नुसत्या चार खेपा. डिग्गी किंवा बाजारकुणंगसारख्या आडगावातल्या माणसाला हा चार दिवसांचा बुडालेला रोज आणि चार वेळा धरलेली बस. जखम खोल असली तर सीरमसाठी आणखी मोठं इस्पितळ गाठायचं, म्हणजे कारवार किंवा बेळगाव. रेबीज एकदा उमटला की त्यावर इलाज नाही, आणि जगात त्याने मरणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसं भारतात मरतात. ब्रूनोला लस टोचलेली आहे हे तुम्हाला माहीत आहे. भारा घेतलेल्या बाईला ते कुठून कळावं? त्याच्या कपाळावर तर लिहिलेलं नाही.

कायद्याचं ज्ञान मालकांनी मिळवू नये, मन:शांती जाते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 291 सांगतं की, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका पोचू नये म्हणून पुरेशी काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जनावर चावलंच पाहिजे अशी अट त्यात नाही.

तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. 2007 मध्ये दांडेली-अणशी या नावाने तो जाहीर झाला, 2015 मध्ये नदीचं नाव मिळालं. सफारीला कुत्रा नेता येत नाही. हे गेटवर कळलं की वनरक्षकाशी वाद घालावा, "आमचा ब्रूनो वाघाला घाबरत नाही" असं सांगावं. तो नक्कीच घाबरत नसेल, त्याने वाघ पाहिलेला नाही. कुत्र्यांचे रोग रानात जातात हे मात्र वनरक्षकाला माहीत असतं. 2018 मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतल्या काहींच्या अंगात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू निघाला होता. काळीच्या रानात कोळसुंदे आहेत, आणि ते ब्रूनोचे जवळचे भाऊबंद. उलट बाजूने रानातल्या गोचिडी ब्रूनोच्या कानामागे बसून तुमच्या गादीपर्यंत येतात. उत्तर कन्नडच्या काही भागांत उद्भवणारा माकडताप गोचिडीच पसरवतात, एवढं माहीत असलं तर सकाळी त्याला मिठी मारण्यापूर्वी कान तपासाल.

राहिला बिबट्या. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासून त्यांच्या आहाराचा हिशेब मांडला; तो अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्यांच्या पोटात गेलेल्या मांसात वजनाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे 39 टक्के, पाळीव कुत्र्यांचा निघाला. म्हणजे कुत्रा आवडणारं सार्वजनिक ठिकाणी कुणीच भेटत नाही, ही मालकांची तक्रार तितकीशी खरी नाही.

थट्टा पुरे. ब्रूनोला जोयड्यात जरूर आणा. होमस्टेवाल्याला आधी विचारा आणि त्याच्या स्वयंपाकघरात, देवघराशी नेऊ नका. सहा फुटांचा पट्टा पुरतो. समोरून कुणी आलं की तो आखूड करा, रस्त्याच्या कडेला व्हा, कुत्र्याला आपल्या पलीकडच्या बाजूला घ्या आणि माणूस निघून जाईपर्यंत थांबा. बोलायची गरज नाही. चुकून ओरखडा उठलाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुऊन द्या, लसीचं कार्ड दाखवा आणि त्या माणसाला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात न्या. पुढच्या तीन खेपांचा बसखर्च आणि बुडालेला रोजही द्या. रात्री कुत्र्याला खोलीत घ्या. अंगणात बांधलेला कुत्रा सकाळी जागेवर असेल, अशी हमी इथला कुठलाही होमस्टेवाला देत नाही.