पांढरी एकमधलं युकुलेले

“काहून बे, गिटार धुण्यात आटली काय?”

अकोल्याच्या जठारपेठेत युकुलेलेचं स्वागत हे असं झालं. वाद्य घेऊन आले होते अमरावतीचे एक निवृत्त बँकवाले. विचारणारे त्यांचे थोरले मामेभाऊ, म्हणजे दादा. दादांची हयात भजनी मंडळात पेटी वाजवण्यात गेलेली.

बँकवाल्यांनी इतिहास काढला. १८७९ साली मदेरा बेटावरचे पोर्तुगीज लोक उसाच्या मळ्यांत राबायला ‘रेवन्सक्रॅग’ जहाजातून होनोलुलूला उतरले. त्यांच्या छोट्या चौतारी वाद्यापासून मानुएल नुनेससारख्या कारागिरांनी तिथं युकुलेले घडवलं. दादांनी हे सगळं एका कानानं ऐकलं. दुसरा तारांकडे होता.

“वरची तार बारीक कशी? दुकानदारानं उलटी बसवली.”

उलटी नव्हती. युकुलेलेत सगळ्यांत खालच्या स्वराची तार वरून दुसरी असते. जी, सी, ई, ए. दादांनी पेटी ओढली, पांढरी एकचा, म्हणजे सीचा, सा धरला आणि मोकळ्या तारा तपासल्या. प, सा, ग, ध.

“हा तं भूप हाय!”

भूपातला रे तेवढा गैरहजर होता. पण त्या क्षणापासून कॉर्डच्या पुस्तकातल्या काळ्या ठिपक्यांची भीती गेली. शेवटच्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी एक बोट ठेवलं की ध चा वरचा सा होतो, आणि सा-ग-प असा सी कॉर्ड तयार. वरच्या तारेवर दुसऱ्या पडद्याशी बोट ठेवलं की प चा ध, म्हणजे ए मायनर. ते बोट तसंच ठेवून ग चा म केला की एफ. इथपर्यंत खुशाली.

जी सेव्हनला तीन बोटं लागतात: रे, म, नी. ती जागेवर बसेपर्यंत गाणं थांबायचं. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेल्या मुलखात हे कोण खपवून घेणार? “डावा हात चुकू दे, उजवा थांबवू नको,” दादांनी बजावलं. शिकवणारेही हेच सांगतात, फक्त इतक्या जोरात नाही.

त्यात नव्या नायलॉनच्या तारा सुरुवातीला ताणतच जातात, आणि महिना मे. अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर. वाजवण्यापेक्षा खुंट्या पिळणंच जास्त झालं.

पुढच्या पानावर ई मेजर होता. चौथ्या पडद्याच्या चिंचोळ्या जागेत तीन बोटं कोंबायची. बँकवाल्यांनी चष्मा सावरला. दादांनी पान उलटलं.

“पांढरी तीनमध्ये आपल्याकडे गाते कोन? सी धर.”