भिववू नये असं भूत

ऑक्टोबरच्या मध्यावर न्यू जर्सीतल्या मॅपलच्या झाडांना ताप चढल्यासारखा रंग येतो आणि त्याच सुमारास ऑफिसात ती ईमेल येते. ३१ तारखेला दुपारी मुलांना घेऊन या, हॅलोविनचे पोशाख घालून आणा. खाली नियम. चेहरा झाकणारा मुखवटा नको. तलवार, बंदूक, कोयता नको, प्लॅस्टिकचाही नको. रक्त नको. चॉकलेटांत शेंगदाणा नको. धाकटी मुलं घाबरतील असं काहीच नको. म्हणजे भुतानं यावं, पण कुणाला भीती न घालता यावं, आणि आल्याबरोबर स्वागतकक्षात नाव नोंदवून छातीवर पाहुण्याचा कागदी बिल्ला चिकटवून घ्यावा. माझ्या आजोळी विहिरीजवळच्या पिंपळावर जो मुंजा राहत असे, त्याला हे कळतं तर त्यानं झाडच सोडलं असतं. पण इथली भुतं पहिल्यापासून आज्ञाधारक. २०१२ साली ऐन हॅलोविनच्या तोंडावर सँडी वादळानं या राज्याची दैना केली, तेव्हा गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी आदेश काढून हॅलोविन ५ नोव्हेंबरवर ढकलला होता. आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या पुढे ढकलण्याची कुणाची छाती आहे?

हा सण मुळात आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. तिथे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. ती माणसं अमेरिकेत आली, त्यांना इथे पोखरायला सोपा भोपळा सापडला आणि भुताचं डोकं एकदम ऐसपैस झालं. स्कॉटलंडात म्हणे सोंग घेऊन दारात आलेल्या पोरांना खाऊ फुकट मिळत नसे. गाणं म्हणा, कविता म्हणा, काहीतरी करून दाखवा. हे वाचलं आणि मला साताऱ्याच्या आमच्या वाड्यात येणारा बहुरूपी आठवला. खाकी कपडे, काखेत दांडकं. पानाला चुना जास्त लावल्याच्या आरोपावरून तो आजोबांना अटक करायचा. आम्ही मुलं दाराआड. आजोबा मात्र बेडीसाठी दोन्ही हात पुढे करून मान खाली घालून उभे राहायचे आणि बऱ्याच गयावयानंतर जामिनादाखल त्याच्या हातावर रुपया ठेवायचे. त्या अंगणात एक नव्हे, दोन बहुरूपी उभे असत, हे तेव्हा कुठलं कळायला!

पोशाख दुकानात मिळतात, पूर्वीपासून मिळतात. बेन कूपर नावाच्या न्यूयॉर्कच्या कंपनीनं १९३७पासून ते स्वस्तात विकले. रबराच्या दोरीचा पातळ प्लॅस्टिकचा मुखवटा आणि खाली झगा. गंमत अशी की झग्याच्या छातीवर बहुधा त्याच पात्राचं चित्र आणि नाव छापलेलं असे. मला त्या कंपनीचं हसू येत नाही. शाळेच्या विविध वेशभूषेत काजळाची दाढी काढलेले आम्हीही स्टेजवर जाऊन आधी सांगतच होतो, "मी शिवाजी महाराज आहे." न सांगता ओळखू येईल असं सोंग साधायला बहुरूप्याच्या पोटीच जन्माला यावं लागतं.

आमच्या चिरंजीवांना भूतही व्हायचं नव्हतं आणि महाराजही. "आई, मला वॉशिंग मशीन व्हायचंय." मुलांच्या महत्त्वाकांक्षेला कारण विचारू नये. नवऱ्यानं तळघरातून मोठा पुठ्ठ्याचा खोका काढला, मी गणपतीच्या मखरातून उरलेलं सामान. परात पालथी घालून दाराचं वर्तुळ आखलं. केकच्या डब्याचं पारदर्शक झाकण तिथे बसलं, त्यामागे जोडीदार हरवलेले मोजे चिकटवले, बटणांच्या जागी सोनेरी घोटीव कागदाच्या टिकल्या आल्या. आत दिव्यांची माळ सोडली. महिन्यापूर्वी जी बाप्पाच्या पाठीमागे लुकलुकत होती, ती आता 'पाणी भरणे सुरू' एवढं सांगत होती. तिनं तक्रार केली नाही.

ऑफिसातल्या हॅलोविनचा एक मोठा फायदा आहे. रस्त्यावर थंडी इतकी, की आया आपल्या वाघ-सिंहांना वरून जाड जॅकेट चढवतात आणि सगळं जंगल शाळेला निघाल्यासारखं दिसतं. ऑफिसात हीटर असतो, पोशाख दिसतो. आमचं यंत्र मात्र दोन टेबलांमधल्या वाटेत अडकलं. वाकता येईना, हात खाऊच्या वाडग्यापर्यंत पोचेनात. मग लोकांनीच दार उघडून चॉकलेटं आत टाकायला सुरुवात केली. ज्यांच्यासमोर आम्ही तिमाहीचे आकडे घेऊन घशाला कोरड पडेस्तोवर उभे राहतो, त्या अर्थविभागाच्या प्रमुखबाई एका तीन वर्षांच्या चेटकिणीला पाहून किंचाळल्या, खुर्चीमागे लपल्या, पुन्हा बाहेर आल्या आणि तिच्या आग्रहावरून पुन्हा किंचाळल्या. मला आजोबांचे पुढे केलेले हात दिसले.

कोपऱ्यातल्या टेबलावर निवृत्तीला आलेले एक गृहस्थ बसतात, फारसे कुणाशी बोलत नाहीत. त्यांनी आमच्या यंत्राकडे नीट पाहिलं, गळ्यातला टाय सोडला, घडी करून आत ठेवला आणि गंभीरपणे विचारलं, "किती वेळ लागेल?"

"चाळीस मिनिटं," खोक्यातून उत्तर आलं.

रात्री चॉकलेटांच्या ढिगात तो टाय निघाला आणि घरात गहजब झाला. काम अंगावर घेतलंय, तर ते झालंच पाहिजे. टाय रेशमी, यंत्रात धुऊ नये, अशी पट्टी त्याच्या पाठीलाच शिवलेली. हे यंत्राला सांगायचं कसं? शेवटी शांपूच्या पाण्यात मी हातानं धुतला आणि यंत्रानं शेजारी उभं राहून तोंडानं घरघर केली. सकाळी पातळ फडकं ठेवून इस्त्री केली आणि टाय त्यांच्या टेबलावर नेऊन दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, खिशातून एक डॉलर काढला आणि यंत्राच्या नावे पावती मागितली. पावती लिहून दिली आहे. डॉलर चिरंजीवांच्या गल्ल्यात आहे.